संक्रांतीच्या दिवशी शांतता पाहिजे

जयपुरात परदेशी पाहुण्यांचा गट उतरला की किल्ल्यांचा इतिहास सांगायला गाइड असतो, बस चालवायला ड्रायव्हर असतो आणि उरलेलं सगळं करायला मी असते. माझ्या कार्डावर ‘ग्रुप को-ऑर्डिनेटर’ असं छापलेलं आहे, पण ‘उरलेलं सगळं’ हेच या कामाचं खरं नाव. कुणाचा चष्मा मोडला, कुणाला शेंगदाणे चालत नाहीत, कुणी हॉटेलच्या खोलीची किल्ली घेऊन आग्र्याला पोचलं, हे सगळं माझ्याकडे येतं.

यजमान रेल्वेत. भुसावळहून बदली झाली तेव्हा दोन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं ठरवून आलो होतो. पुढे मुलीची शाळा लागली, मानसरोवरात घर झालं आणि इथल्या लोकांनी मला मंजूषाची ‘मंजूजी’ करून टाकलं. मला याद्या करायची सवय माहेरापासूनची. आई बाजाराच्या पिशवीत यादी टाकायची, मी त्या यादीत काय राहिलं त्याची यादी करायचे. या धंद्यात ते उपयोगी पडलं.

पाहुणे तऱ्हेतऱ्हेचे. एका इटालियन काकांना हॉटेलची कॉफी बघवतसुद्धा नसे. ते स्वतःची छोटी किटली घेऊन फिरत आणि सकाळी लॉबीत उभं राहून ‘आग, आग’ म्हणत. पहिल्या दिवशी सिक्युरिटीवाला धावत आला होता. तेव्हापासून माझ्या बॅगेत एक छोटी गॅसची शेगडी असते. एका स्पॅनिश बाईंनी माणसाच्या उंचीची कठपुतळी विकत घेतली आणि तिला बसमध्ये खिडकीची जागा मागितली. मी दिली. वाटेत चहाला थांबलो तर ढाबेवाल्याने तिच्यापुढेही कप ठेवला.

पण सगळ्यांत अवघड गट गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे. बाकीच्यांना हव्या त्या वस्तू बाजारात मिळतात. यांना पुरेशी झोप हवी असते, कोरडी हवा चालत नाही, धूळ चालत नाही, आणि शांतता लागते. शांतता कुठल्या दुकानात मिळते ते मला अजून कळलेलं नाही. एकदाच मिळाली, ती एका रजईवाल्याकडे. तीच गोष्ट सांगते.

वेल्समधल्या एका लहान गावचा गायकवृंद भारताच्या दौऱ्यावर आला होता. शाळेत आपण समूहगीत म्हणायचो त्यात सगळे एकच चाल गातात. यांच्यात तसं नसतं. उंच आवाजाच्या बायका सोप्रानो, त्यांच्याखालच्या अल्टो, मग पुरुषांतले टेनर आणि अगदी खाली बास. चौघांच्या चार वेगळ्या चाली एकाच वेळी चालतात आणि त्यातून एक गाणं होतं. अल्टोचं काम फोडणीतल्या हिंगासारखं. आहे म्हणून कुणी दाद देत नाही, नसलं की चव जाते.

त्यांचं रेकॉर्डिंग जयपुरात ठरलं होतं. एरवी ते जिथे रेकॉर्डिंग करत ते गावातलं प्रार्थनागृह विकलं गेलं होतं, आणि रोज एकत्र गाऊन दौऱ्याच्या शेवटी आवाज छान जुळलेले असतात, म्हणून शेवटच्या मुक्कामी रेकॉर्डिंग करायचं, दुसऱ्या दिवशी विमान. त्यांच्या सेक्रेटरीने दिल्लीच्या ऑफिसला कळवलं होतं, ‘सार्वजनिक सुट्टीचा दिवस द्या, म्हणजे शहर शांत असेल.’ त्यांच्या गावी सुट्टीच्या दिवशी रस्त्यावर मांजरसुद्धा दिसत नाही म्हणे. दिल्लीच्या ऑफिसने आज्ञाधारकपणे कॅलेंडर उघडलं आणि सुट्टी शोधली. मकर संक्रांत.

ज्यांनी जयपूरची संक्रांत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. त्या दिवशी सगळं शहर गच्चीवर असतं. प्रत्येक गच्चीवर पतंग, तिळाचे लाडू, बारीक शेवयांसारखी गोड फीणी आणि लाउडस्पीकर. पतंग कापला की ‘वो काटा!’ अशी आरोळी उठते आणि ती दुसऱ्या मोहल्ल्यापर्यंत जाते. वेळापत्रक माझ्या हाती आलं तेव्हा तिकिटं निघालेली होती. शहरातल्या एका जुन्या शाळेचं घुमणारं सभागृह बुक झालं होतं, आणि त्याच्या चारही बाजूंना गच्च्या होत्या.

घरी मुलगी सई म्हणाली, “मम्मी, संक्रांतीला शांती? मतलब, कुठे?”

मी शांत जागांची यादी करायला बसले. दवाखाने सोडले तर त्या यादीत फारसं काही उरेना. मग गोपालजी आठवले. प्रताप नगरच्या पुढे, सांगानेरच्या बाजूला त्यांचं रजयांचं दुकान आहे, आणि दुकानाखाली तळघरात गोदाम. माझ्या गटांना मी तिथे रजया घ्यायला नेते. त्या गोदामात एकदा मला फोन आला होता, तेव्हा माझाच आवाज मला परका वाटला होता. चारही भिंतींना छतापर्यंत रजयांच्या चळती. बाहेरचं आत येत नाही, आतलं भिंतीपर्यंत जात नाही.

गोपालजी स्वतः पतंगवेडे. माझं बोलणं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तळघर ले लो, मंजूजी. बस छत मत माँगना.”

संक्रांतीच्या सकाळी मंडळी तळघरात उतरली. त्यांचा रेकॉर्डिंगवाला रीस, उंच, कायम काळजीत असलेला माणूस. त्याने मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. टाळी जागच्या जागी विझली.

“हे म्हणजे उशीत तोंड खुपसून गाण्यासारखं आहे,” तो म्हणाला.

“शांत आहे ना पण?” ओवेनने विचारलं. ओवेन म्हणजे त्यांचा संचालक, तिशीतला, याच वृंदातल्या बायकांकडून गाणं शिकलेला, गोऱ्या गालांना जयपूरचं ऊन लागून लाल झालेला.

“शांत? मेलेलं आहे.”

पण वरच्या जगाची अवस्था त्याने येताना ऐकली होती. तो गुपचूप माइक लावायला लागला. एरवी घुमणाऱ्या सभागृहात त्याला दोन माइक पुरतात. इथे प्रतिध्वनी नाही, म्हणून त्याने प्रत्येक दोन-तीन माणसांपुढे एक असे जवळजवळ माइक उभे केले. ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून ती बंद, पंखे बंद. मी बॅटरीचे दिवे मांडले.

सण म्हणून मी घरून तिळगूळ करून नेला होता. डबा उघडला तसा रीस किंचाळला, “गाण्याआधी बिया नाहीत! घशात अडकतात!” सगळ्यांनी आपापला लाडू रुमालात बांधून खिशात ठेवला. अल्टोच्या रांगेच्या डाव्या टोकाला उभ्या असलेल्या ग्वेनबाईंनी मात्र आपला तिथल्या तिथे खाल्ला. पांढरे आखूड केस, निळा स्वेटर, सगळ्यांत वयस्कर. मला म्हणाल्या, “फार छान झालाय, पोरी.” पन्नाशी उलटल्यावर कुणी पोरी म्हटलं की बरं वाटतं. बाकी माझ्या काही लक्षात आलं नाही.

गाणं सुरू झालं. त्यांच्याकडची जुनी अंगाई होती. अशा वेळी मी नेहमी दाराबाहेर असते. इतकी वर्षं कलावंतांचे गट सांभाळले, पण सगळ्या मैफली मी दाराच्या बाहेरून ऐकल्या, एका कानाला फोन लावून. त्या दिवशीही जिन्यात उभी होते. मध्येच गाणं थांबलं.

“डाव्या टोकाच्या माइकवर काहीतरी कमी आहे,” रीस कानांवरचे हेडफोन दाबत म्हणाला. “शेजारचा आवाज येतोय, समोरचा नाही. केबल सैल असेल. बघता?”

केबल, प्लग, एक्स्टेन्शन बोर्ड हे ‘उरलेलं सगळं’मध्ये येतं. मी वाकून पाहिलं. केबल घट्ट होती. मान वर केली तर ग्वेनबाई माझ्याकडे बघत होत्या. अगदी हळू म्हणाल्या, “तार ठीक आहे, पोरी. मीच वाजत नाहीये.”

त्यांच्या शेजारच्या मेगबाईंनी त्यांचं कोपर घट्ट धरलं.

खिशात ठेवायचा लाडू त्यांनी का खाल्ला ते मला तेव्हा कळलं. त्यांना गायचंच नव्हतं. त्या नुसते ओठ हलवत होत्या.

मी उठले. रीसला सांगितलं, “दुसरी केबल वरून आणावी लागेल. तोवर सगळ्यांनी मध घातलेलं गरम पाणी घ्या.” आणि ग्वेनबाईंना म्हटलं, “तुम्ही जरा माझ्याबरोबर या. बोर्ड धरायला कुणीतरी हवं.” पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला बोर्ड धरायला कोण नेतं, हे कुणी विचारलं नाही. भराभर बोललं की माणसं विचारत नाहीत, हे या धंद्यात शिकले.

जिन्यात त्या पायरीवर बसल्या.

“गेल्या हिवाळ्यापासून वरचे सूर गेले,” त्या म्हणाल्या. “लांबवर धरायचे तर मुळीच लागत नाहीत. आमच्यात एक रीत आहे. लांब सूर धरला की शेजारीण श्वास घेते तेव्हा आपण घ्यायचा नाही. तिने सोडलेली जागा आपण भरायची. म्हणून ऐकणाऱ्याला सूर कुठेच तुटलेला वाटत नाही. मेग आता माझ्या सगळ्याच जागा भरते.”

“ओवेनला माहीत नाही?”

“सभागृह घुमत असलं की कळत नाही. हे तुझं रजयांचं घर फार प्रामाणिक आहे.”

“त्याला सांगितलं तर?”

“तो मला टेनरमध्ये पाठवेल. आवाज उतरलेल्या म्हाताऱ्या बायकांना तिकडेच पाठवतात, पुरुषांमध्ये, मागच्या रांगेत. मी नि मेग शाळेत असल्यापासून शेजारी उभ्या राहतो. मला तिकडे जायचं नाही. हे शेवटचं रेकॉर्डिंग. ओठ हलवायचे आणि घरी जायचं, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.”

त्यांनी स्वेटरच्या बाहीवर पडलेला एक तीळ उचलला.

“माझ्या मुलाकडे आमची सगळी रेकॉर्डिंग्ज आहेत. आता तो लांब असतो, कॅनडात. लहानपणी कान लावून बसायचा आणि विचारायचा, मम, यात तू कुठे आहेस? मी म्हणायचे, जिथे ऐकू येत नाही तिथे. अल्टोची तीच तर हुशारी.” त्या थोडं हसल्या. “या वेळच्या रेकॉर्डिंगमध्ये खरंच नसेन.”

यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता. तुटलेली सूटकेस, बिघडलेलं पोट, हरवलेला पासपोर्ट यांचे उपाय माझ्या बॅगेत असतात. मी म्हटलं, “चला, जरा उन्हात जाऊ,” आणि त्यांना हाताला धरून गच्चीवर नेलं.

गच्चीवर लढाई जुंपली होती. गोपालजी डोक्याला रुमाल बांधून पतंगाला ढील देत होते, त्यांच्या पत्नी सुनीताजी मांजाची चरखी धरून मागे उभ्या. ग्वेनबाईंना बघून सुनीताजींनी एका हाताने खुर्ची ओढली, दुसऱ्या हाताने चरखी त्यांच्या हातात दिली. “आप पकड़िए माताजी, मैं फीणी ले आती हूँ.” कोण, कुठल्या, काही विचारलं नाही.

“मी काय करायचं?” ग्वेनबाईंनी मला विचारलं.

“काही नाही. दोरा सुटू द्यायचा. आणि समोरचा पतंग कापला की ओरडायचं.”

“काय ओरडायचं?”

“वो काटा.”

त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं. समोरच्या गच्चीवरून एक हिरवा पतंग वर चढत होता. गोपालजींनी आपला पतंग त्याच्या दोऱ्यावर घातला, चरखी गर्रकन फिरली, ग्वेनबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या. हिरवा पतंग डळमळला, सुटला आणि तरंगत निघाला.

“वो काटाऽऽऽ!”

हा आवाज ग्वेनबाईंचा होता. पोटातून आलेला, खालचा, भरदार. बरणीतलं लोणचं ढवळल्यावर तळाचा मसाला वर यावा तसा. समोरच्या गच्चीवरची माणसं पतंग सोडून इकडे बघायला लागली. गोपालजी वळून म्हणाले, “माताजी में तो बड़ा दम है!”

“हा टेनरचा सूर होता,” मागून कुणीतरी म्हणालं.

जिन्याच्या दारात ओवेन उभा होता. केबल शोधत आला होता. त्याच्या मागे धापा टाकत मेगबाई.

ग्वेनबाईंचा चेहरा उतरला. “ठाऊक होतं मला, तू हेच म्हणशील.”

ओवेन मेगबाईंकडे वळला. “तरीच. दौऱ्यात रोज मी विचार करतोय, ही मेग एवढी ओरडून का गाते.”

“ओरडत नव्हते,” मेगबाई फणकारल्या. “दोघींचं गात होते. आणि तिला मागे पाठवलंस तर मीही जाईन.”

“मागे जाऊन काय करशील? तुला तो सूर लागायचा नाही.”

“तर उभी राहीन नुसती. ओवेन, तुझं नाक पुसलंय मी. माझ्याशी नीट बोल.”

सुनीताजी फीणीची ताटली घेऊन मध्येच थबकल्या. “क्या हुआ, मंजूजी? लड़ाई?”

“घर की बात है,” मी म्हटलं. त्यांनी समजूतदारपणे मान हलवली आणि ताटली ओवेनच्या हातात दिली.

ओवेन फीणीकडे बघत राहिला. बिचाऱ्याची अडचण मला दिसत होती. पुढच्या सगळ्या वर्षांसाठी राहणारं रेकॉर्डिंग होतं. रांगेत न गाणारी बाई ठेवता येत नव्हती, आणि जिने त्याला लहानपणी गायला शिकवलं तिला रांगेतून काढताही येत नव्हतं. तेवढ्यात आणखी कुणाचा तरी पतंग कापला गेला, सगळी गच्ची ओरडली. ते थांबल्यावर तो म्हणाला, “ग्वेन, जागा सोडू नकोस. मेगशेजारीच उभी राहा. तिथून टेनरचं गा.”

“असं कधी कुणी करतं?”

“नाही करत. संक्रांतीला कुणी रेकॉर्डिंगही करत नाही.”

खाली रीसला ते सांगितल्यावर त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. “टेनर? डाव्या टोकाला? अल्टोच्या माइकमध्ये? या खोलीत काही मिसळत नाही, ओवेन. तो आवाज डाव्या बाजूने वेगळा ऐकू येईल.”

“येऊ दे.”

“वेगळा म्हणजे किती वेगळा?” ग्वेनबाईंनी विचारलं.

“कुणालाही ओळखता येईल इतका,” रीस वैतागून म्हणाला.

ग्वेनबाईंनी स्वेटरची सगळी बटणं लावली, ताठ उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मग मला थोडं पाणी दे, पोरी. दातात तीळ अडकलाय.”

या वेळी मी दाराबाहेर गेले नाही. फोन बंद केला आणि रजयांच्या एका चळतीवर बसले. ती अंगाई कशी होती हे मला नीट सांगता येणार नाही, भाषा कळत नव्हती. एवढं कळलं की वरचे आवाज हळूहळू झोपेला आले आहेत आणि खाली कुणीतरी जागं राहून पाळणा हलवतंय, आणि ते जागं असलेलं डाव्या टोकाला आहे. मेगबाई आता ओरडत नव्हत्या. एका लांब सुरावर त्यांनी श्वास घेतला तो मला दिसला. त्या वेळी ग्वेनबाईंनी घेतला नाही.

गाणं संपल्यावर रीसने हात वर केला आणि सगळ्यांना होते तिथेच, न हलता उभं राहायला सांगितलं. हे मी पहिल्यांदाच पाहत होते. गाणं झाल्यावर हे लोक त्या खोलीची नुसती शांतताही रेकॉर्ड करून घेतात. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, पुढे गाण्याचे तुकडे जोडताना मध्ये तीच लागते, दुसरीकडची चालत नाही. तर आम्ही सगळे त्या रजयांमध्ये, दिव्यांच्या पिवळ्या उजेडात, पुतळ्यासारखे निश्चल. आणि इतक्या जाड शांततेतही वरून, फार लांबून, मुंगीच्या आवाजात आलं, ‘वो काटा’. रीसने डोळे मिटून घेतले. ग्वेनबाईंचे खांदे हसून हलत होते, पण आवाज त्यांनी येऊ दिला नाही. मुरलेल्या होत्या.

मग सगळ्यांनी रुमाल सोडून तिळगूळ खाल्ला. आपल्याकडे तो देताना गोड बोला असं म्हणतात, हे मी सांगितलं. मेगबाई ओवेनकडे बघून म्हणाल्या, “बघू. जमलं तर.”

दुसऱ्या दिवशी त्यांना विमानतळावर सोडलं. सामान मोजलं, पासपोर्ट पाहिले. प्रत्येकाच्या हातात गोपालजींच्या दुकानातली रजई होती. ग्वेनबाईंनी माझा गाल थोपटला आणि त्या मेगबाईंच्या दंडाला धरून आत गेल्या. पुढच्या गटाची बस बाहेर उभी होती, मी लगेच वळले. नीट निरोप घ्यायचा राहून गेला. या कामात असे निरोप फार राहतात.

त्यानंतर किती गट आले नि गेले. त्या जुन्या शाळेचं सभागृह आता मी सुट्टीच्या दिवशी कुणालाच देत नाही, आणि दिल्लीच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर संक्रांतीच्या चौकोनात लाल शाईने फुली मारून आले आहे. गोपालजी मात्र नव्या गिऱ्हाइकांना तळघर दाखवताना ‘यहाँ विदेश की रिकॉर्डिंग हुई है’ असं सांगतात आणि मग हमखास एक टाळी वाजवून दाखवतात.

पावसाळा संपता संपता ग्वेनबाईंचा मेल आला. सोबत रेकॉर्डिंग होतं. मी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता ते लावलं, आणि भाजी तशीच राहिली. मेल छोटासा होता. गुडघा दुखतो, मेग बरी आहे, रजई हलकी आहे पण ऊब चांगली देते. टेनरच्या पुरुषांना आता मागून इकडे बघत गावं लागतं, याची मजा वाटते. आणि शेवटी दोन ओळी होत्या. मुलाला रेकॉर्डिंग पाठवलं, पण कुठलं गाणं, कुठे ऐक, यातलं काही कळवलं नव्हतं. त्याच रात्री त्याचा फोन आला. हॅलोसुद्धा न म्हणता तो म्हणाला, “मम, डावीकडे.”